टोच्याचं बूच

सासऱ्यांनी बर्फाच्या कारखान्यात चौतीस वर्षं काढली. माणसाच्या कमरेएवढ्या लाद्या ते लाकडी मुठीच्या टोच्यानं अशा फोडत की चुरा म्हणून पडत नसे. निवृत्त झाल्यावर तो टोचा घरी आला आणि त्याच्याबरोबर त्यांचा नियमही आला. काम झालं की टोकाला बूच. "उघडा टोचा आणि उघडं तोंड, दोन्ही घात करतात," असं म्हणून ते सूनबाईकडे बघत आणि मिश्या चाचपत.

सूनबाईची घाई जगजाहीर होती. मंगळवारी सकाळी फ्रिजरमध्ये एवढा बर्फ साचला होता की मटारची पिशवी निघेना. फ्रिज बंद करून दोन तास थांबण्याइतका धीर तिच्या सात पिढ्यांत कुणाला नव्हता. सासरे आंघोळीला गेले होते. तिनं टोचा घेतला, बूच गाऊनच्या खिशात टाकलं आणि घातले चार घाव. पाचव्याला फुस्स झालं, कुकरची शिट्टी व्हायच्या आधी होतं तसं. तिनं टोचा तसाच खणात ढकलला आणि कपड्यांच्या घातलेल्याच घड्या पुन्हा घालत बसली. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!

दुसऱ्या दिवशी फ्रिजवाला आला. "गॅस गेलाय. आतल्या पत्र्याला भोक पडलंय. कुणीतरी टोकदार काहीतरी मारलंय."

नवऱ्यानं बायकोकडे बघितलंसुद्धा नाही. थेट वडिलांकडे बघितलं. महिन्याभरात त्यांनी दोनदा चष्मा हरवला होता, एकदा नळ चालू ठेवला होता.

"बाबा, तुम्ही?"

"छे! मी कशाला..." म्हणत सासऱ्यांनी खण उघडला, टोचा बाहेर काढला आणि त्याच्या उघड्या टोकाकडे बराच वेळ बघत राहिले. "बूच नाही. म्हणजे मीच असणार. दुसरं कोण हात लावतं याला?"

तेव्हाच बोलायला हवं होतं. शब्द तिच्या ओठांवर आलेही होते. पण नवरा म्हणाला, "जाऊ द्या बाबा, वय झालं," आणि तिला चक्क हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्याची लाज तिला पुढं जेवताना, झोपताना, सगळीकडे टोचत राहिली.

सासऱ्यांनी शेगडीला हात लावणं सोडलं. चहासाठी कुणी उठेपर्यंत ताटकळत बसू लागले. कडी लावली की तीनदा परत येऊन बघायचे. शुक्रवारी म्हणाले, "सूनबाई, नातीला शाळेतून आता तूच आणत जा. कुठं विसरून आलो तर?" गेली चार वर्षं ते सकाळपासून त्याच फेरीची वाट बघायचे.

मग मात्र तिला राहवेना. तिनं बूच आणून त्यांच्यापुढं ठेवलं. "बाबा, भोक मी पाडलं. तुम्ही आंघोळीला गेला होतात. बूच माझ्या खिशात राहिलं. घाबरून गप्प बसले मी. माफ करा मला."

सासऱ्यांनी बूच हातात घेऊन फिरवून बघितलं. त्यांचे डोळे भरून आले.

"कुठं सापडलं गं? आणि माझ्यासाठी एवढं खोटं बोलतेस? पोटची पोर नसती बोलली."

"खोटं नाही हो, बाबा! शपथ घेऊन सांगते!"

"बरं, बरं." त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग बूच नीट टोकावर बसवलं आणि टोचा तिच्या हातात दिला. "हा आता तूच ठेव. मला सापडणार नाही अशा जागी."