खडू पकडणारा कॅमेरा

दौलतशेठच्या भिवंडीतल्या कारखान्यात अठ्ठेचाळीस लूम होते आणि त्यांच्यावरून उतरणारं सगळं कापड शेवटी एकाच बाईच्या नजरेखालून जात असे. ती बाई म्हणजे अंजूर गावची कमळाबाय. खालून ट्यूबलाइट लावलेलं काचेचं उतरतं टेबल, त्यावरून कापडाचा शंभर शंभर मीटरचा ताका सरकत यायचा आणि कमळाबाय उभ्याने तो बघायची. कुठे ताण्याचा, म्हणजे उभा, धागा तुटलेला, कुठे दोन धागे एकाच घरात शिरलेले, कुठे तेलाचा थेंब. दोष दिसला की त्याच्या बाजूला निळ्या खडूची छोटी रेघ, आणि ताका पुढे दुरुस्तीला. तिने पास केलेला एकही ताका तीस वर्षांत व्यापाऱ्याकडून परत आला नव्हता. शेठ ही गोष्ट प्रत्येक पाहुण्याला सांगत, तीही चहा यायच्या आधी.

कमळाबायचा खरा तोरा मात्र वेगळ्याच गोष्टीचा होता. तिची लेक रंजिता इंजिनीअर होऊन ठाण्याच्या एका लहानशा कंपनीत लागली होती. यंत्रांना बघायला आणि अंदाज बांधायला शिकवायचं, हे त्या कंपनीचं काम. वळ गावच्या एका गोदामात कुठला माल किती दिवसांत संपेल ते त्यांचा कॉम्प्युटर आधीच सांगायचा. वाडा तालुक्यातल्या एका भात गिरणीत त्यांचा कॅमेरा अख्ख्या तांदळातून कणी वेगळी काढायचा. कमळाबायला यातलं फारसं कळत नसे. पण अंजूरच्या शेअर रिक्षात बसली की कुणी विचारो न विचारो, ती सांगून टाकायची, "माझी पोर मशीनला डोळे बसवते."

"मग डोळ्यांचा डॉक्टर काय करतो?" रिक्षावाला चिडवायचा.

"तो माणसांचे बघतो. ते सोपं हाय."

शेठनी आणखी चोवीस लूम घ्यायचं ठरवलं, तेव्हा एकटी कमळाबाय पुरणार नाही हे उघड होतं. रंजिता स्वतःहून त्यांना भेटायला आली. कापड तपासणारा कॅमेरा करून देते म्हणाली. कंपनीत हे तिचं स्वतःचं असं पहिलंच काम होतं. वरच्या साहेबाने तिला आधीच बजावलं होतं की भिवंडीत जमलं तर कापडाचं काम पुढे न्यायचं, नाही जमलं तर ते कायमचं बंद.

"बसव," शेठ म्हणाले. "कमळाबाय जे पकडते ते त्याने पकडायचं. चांगल्या कापडावर उगाच थांबायचं न्हाय. जमलं तर ठेव, न्हाय जमलं तर खोका उचलून ठाण्याला ने. तुझी आय माझ्याकडे हाय म्हणून सूट न्हाय मिळणार."

मग तीन महिने त्या टेबलावर कॅमेऱ्याची शाळा भरली. कमळाबायने दोष दिसला की बटण दाबायचं, कॅमेरा फोटो काढणार, आणि असे हजारो फोटो बघून तो दोष ओळखायला शिकणार. रंजिताने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "आई, तू खडूची खूण करू नकोस. नुसतं बटण दाब." कमळाबायने आठवडाभर ते पाळलं. पण खुणा नसल्यामुळे पुढच्या दुरुस्तीच्या बाईला दोष सापडेना, ती येऊन करवादू लागली. कमळाबायचाही हात शिवशिवत होता. दिसलेला दोष खुणेवाचून पुढे जाऊ द्यायचा म्हणजे तिला ताटात खडा दिसूनही घास घेतल्यासारखं वाटे. शिवाय तिच्या मनात आलं, हे यंत्र म्हणजे नवीन पोर, त्याला जरा बोट धरून दाखवलं तर बिघडलं कुठे? दुसऱ्या आठवड्यापासून ती आधी बारीकशी निळी रेघ ओढू लागली आणि मग बटण दाबू लागली. रंजिताला हे सांगायचं तिला सुचलंच नाही.

रंजिताच्या ऑफिसात त्यातलेच काही फोटो दाखवून कॅमेऱ्याची परीक्षा झाली. शंभरात सत्त्याण्णव. त्या दिवशी रिक्षातल्या सगळ्यांना पेढे मिळाले.

शेठसमोरची परीक्षा शुक्रवारी ठेवली, कारण शुक्रवारी लूम बंद असतात आणि बोललेलं ऐकू येतं. लूमवरून नुकतेच उतरलेले, कुणाचाही हात न लागलेले ताके आणले. कमळाबाय नवीन लुगडं नेसून आली होती. ताका सरकू लागला. एक तुटलेला धागा गेला, कॅमेरा गप्प. दोन जोडधागे गेले, गप्प. मग तळहाताएवढा तेलाचा डाग टेबलावरून डुलत डुलत निघून गेला आणि हिरवा दिवा तसाच तेवत राहिला.

लूम दुरुस्त करणारा जॉबर खाली वाकून कॅमेऱ्यात डोकावला. "मशीन सो गई क्या?"

शेठ हसले नाहीत. रंजिताचा चेहरा उतरला. कमळाबायला राहवेना. पुढचा तुटलेला धागा दिसताच तिने सवयीने खडू काढला आणि बाजूला रेघ ओढली. त्याच क्षणी लाल दिवा लागला आणि यंत्र कर्कश्श ओरडलं.

सगळे चमकले. कमळाबायने हातातल्या खडूकडे बघितलं. मग हळूच पुढच्या स्वच्छ कापडावर, जिथे काहीच दोष नव्हता तिथे, एक रेघ ओढली. यंत्र पुन्हा ओरडलं.

"अरे देवा," शेठ म्हणाले. "तीन महिन्यांत खडू पकडायला शिकला की हा!"

जॉबर पोट धरून हसत सुटला. रंजिता मात्र सरळ उभी राहिली. "शेठ, चूक माझी आहे. मी पहिल्या आठवड्याचे फोटो नीट बघितले, पुढचे बघितलेच नाहीत. परीक्षेच्या फोटोंतही खुणा होत्या, म्हणून मार्क पडले. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं."

"तिची कसली चूक?" कमळाबाय पुढे आली. "तिनं सांगलं होतं खूण करू नको. मीच केली. सांगलं पण न्हाय."

"आई, तू थांब."

"तूच थांब. मोठ्या माणसांत बोलू नको."

"लोक चूक दुसऱ्याच्या गळ्यात घालायला भांडतात," शेठ म्हणाले, "आणि तुम्ही मायलेकी ती आपल्याकडे ओढायला भांडताय. बस करा. पुढच्या महिन्यातल्या पहिल्या शुक्रवारपर्यंत वेळ देतो. त्याच्यापुढे एक दिवस न्हाय."

परतताना रिक्षात कमळाबाय कुणाशी बोलली नाही. पेढे खाल्लेल्यांनी विचारलंही. पण तिला लाज वाटत नव्हती. पोरीने चार माणसांत मान वर ठेवून चूक कबूल केली, तेच तिच्या डोळ्यांसमोर येत होतं, आणि छाती भरून येत होती.

दुसऱ्या दिवसापासून खडू जॉबरच्या खिशात गेला. कमळाबाय दोष दिसला की नुसतं बटण दाबायची आणि फोटो निघाला की बाजूलाच बसवलेली दुरुस्तीची बाई रंगीत दोरा टाचायची. रंजिता रोज येऊन एक एक फोटो मोठा करून बघायची. जुने फोटो तिने सगळे टाकून दिले.

ठरलेल्या शुक्रवारी शेठनी दहा ताके निवडले. ते आधी कमळाबायने दुसऱ्या टेबलावर बघायचे आणि कितव्या मीटरला काय आहे ते कागदावर लिहायचं. तिने तेवीस दोष लिहिले. कागद शेठच्या खिशात गेला. अट अशी की त्या तेवीसांतला एकही सुटता कामा नये, आणि यादीबाहेर कॅमेरा तिसऱ्यांदा थांबला की खेळ खलास.

ताके सरकू लागले. यंत्र ओरडायचं, शेठ कागद बघून मान हलवायचे. दुसऱ्या ताक्यावर यंत्र एका चिकटलेल्या कापसाच्या पुंजक्याला फसलं. सहाव्यावर कापडावर माशी बसली आणि यंत्राने तिच्यासाठी आकांत केला. "दो हो गए," जॉबर म्हणाला. नववा ताका सुरू होईपर्यंत कागदावरचा प्रत्येक दोष जिथल्या तिथे सापडत आला होता. मग नवव्याच्या बासष्टाव्या मीटरला लाल दिवा लागला.

शेठनी कागद बघितला. बासष्टाव्या मीटरला काही लिहिलेलं नव्हतं. जॉबरने कापड निरखलं आणि नाही अशी मान हलवली.

"तिसरा," शेठ म्हणाले. त्यांच्या आवाजात वाईट वाटणं होतं. "कमळाबायने पास केलंय म्हणजे तिथं काही न्हाय. रंजिता, पोरी, तू मेहनत केलीस."

रंजिता गयावया करणारी नव्हती. "एकदा आईने बघावं, एवढंच," ती म्हणाली.

कमळाबाय टेबलाशी गेली. तिलाही काही दिसेना. मग तिने डोळे मिटून त्या जागेवर बोटं फिरवली, पुढे नेली, पुन्हा मागे आणली. दोन बोटं रुंदीच्या एका पट्ट्यात कापड किंचित पोकळ लागत होतं. आडवा धागा तिथे विरळ पडला होता. पांढऱ्या कापडावर ते कुणाला कळणार नव्हतं. रंग चढला की पट्टा उठून दिसला असता.

"दोष हाय, शेठ. माझ्याकडून सुटला."

शेठ तिच्याकडे बघत राहिले. "पोरीसाठी बोलतेस काय कमळाबाय? तसं असेल तर मी समजून घेईन. पण खोटं बोलू नको. तुझ्या शब्दावर तीस वर्षं माल विकलाय मी."

कमळाबाय ताठ झाली. तिने जॉबरला हात केला. "भिंग दे. न्हाय, माझ्या हातात नको, तूच मोज. मी हात पण लावत न्हाय."

ती टेबलापासून दोन पावलं मागे सरली. जॉबरने चांगल्या जागी भिंग ठेवलं आणि इंचातले आडवे धागे सुईच्या टोकाने मोजले. "बावन्न." मग बासष्टाव्या मीटरला. तो मोजत होता तोवर रंजिता कॅमेऱ्याकडे बघत होती आणि कमळाबाय रंजिताकडे. जॉबरने मान वर केली, पुन्हा खाली घातली, पुन्हा मोजले.

"चव्वेचाळीस."

शेठनी स्वतः भिंगातून बघितलं. कागद घडी करून खिशात टाकला. दहावा ताका लावायला सांगितला. त्यातले तिन्ही दोष यंत्राने पकडले, आणि शेवटचा मीटर सरकल्यावर शेठनी नव्या चोवीस लूमच्या टेबलांसाठीही कॅमेरे सांगितले. कमळाबायला त्या सगळ्या टेबलांवर देखरेखीला नेमलं.

मग पाहुण्यांना सांगायची ती गोष्ट त्यांना आठवली. "पण कमळाबाय," ते म्हणाले, "तीस वर्षांचं नाव आज गेलं की गं तुझं."

कमळाबायने रंजिताच्या खांद्यावर हात ठेवला.

"गेलं कुठं, शेठ? घरातच हाय."