मिठाची बाय

हेमांगीने वही काउंटरवर ठेवली आणि सुचेताकडे सरकवली. "मॅडम, वाचाल? हॅलोविनची गोष्ट आहे. आधी गोष्ट लिहिली, आता तिच्यावरून ड्रेस करणारे."

जेसल पार्कमधल्या त्या छोट्या लायब्ररीत सुचेता नऊ वर्षं काम करत होती. हेमांगी नवघरच्या जुन्या गावातली, सहावीत शिकणारी, आठवड्याला चार पुस्तकं फस्त करणारी मुलगी. वर्गातल्या मैत्रिणीच्या सोसायटीत यंदा हॅलोविनची पार्टी होती आणि हिलाही बोलावणं होतं. तेव्हापासून तिला दुसरा विषय नव्हता. हा सण कुठला, भोपळे का कोरतात, कोण काय सोंग घेतं, सगळं तिने मुलांच्या ज्ञानकोशातून शोधून काढलं होतं. बाकीच्या मुली दुकानातून ड्रेस आणणार होत्या. ही स्वतः बनवणार होती.

वही ठेवून ती गेली. दुपारी लायब्ररीत कोणी नव्हतं. सुचेताने सहज वही उघडली.

मिठागरातली एक बाई उधाणात वाहून गेलेली. ती रात्री बांधावरून डोक्यावर टोपली घेऊन फिरते, आणि कोणी रडत बसलेलं दिसलं की बोटाने त्याचा अश्रू टिपून चाखून बघते. रडणं खोटं असेल तर पुढे निघून जाते. खरं असेल तर शेजारी बसून राहते, उजाडेपर्यंत. तिच्या पावलांना मीठ लागलेलं असतं, म्हणून ती चालते तिथे गवत उगवत नाही.

सुचेताने वही मिटली, मग पुन्हा उघडून वाचली.

तीसुद्धा लिहायची. गिरगाव सोडून भाईंदरला आल्यापासून दर वर्षी दोन कथा दिवाळी अंकांना पाठवायची आणि त्या 'साभार परत' येत. तिच्या कथांमध्ये कधी न पाहिलेली कोकणातली घरं असत, कधी न भेटलेले प्राध्यापक असत. आणि खाडीकडची मिठागरं तिच्या गच्चीवरून दिसत. नऊ वर्षं ती तिथे कपडे वाळत घालत होती. अकरा वर्षांच्या पोरीला जे दिसलं ते आपल्याला एकदाही दिसू नये, याने तिचा जीव जळला.

दुसऱ्या दिवशी हेमांगी आली तेव्हा सुचेताने आधी हेच विचारलं, कुठून घेतलीस ही गोष्ट.

"आमचे बाळा आजोबा मिठागरात होते. ते म्हणायचे, 'मिठाची बाय हाय ती, कुनाला तरास न्हाय देत.' बाकीचं मीच बनवलं. आजीचं पांढरं लुगडं घेणारे मी, त्यावर खळीने खडे मीठ चिकटवणारे. चांगलंय ना?"

सुचेता पुस्तकांवर शिक्के मारत राहिली. वर न बघता म्हणाली, "ठीक आहे. पण हॅलोविनला चेटकीण लागते गं. मिठाची बाई तिथे कोण ओळखणार? हसतील सगळे."

मुलीचा चेहरा पडला, पण क्षणभरच. मॅडम एवढी पुस्तकं वाचतात, त्यांना माहीत असणार, असं मनाशी ठरवून तिने मान डोलावली. काळा झगा, टोकदार टोपी असं काही तरी विचारून ती वही घेऊन गेली. सुचेताला त्या दिवशी जेवण गोड लागलं. तेही तिच्या लक्षात आलं.

एकतीस तारखेची पार्टी झाली आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हेमांगी पुस्तकं परत करायला आली. सुचेताने विचारायचं नाही असं ठरवलं होतं, तरी विचारलं.

"चेटकिणी आम्ही सात जणी होतो," हेमांगी म्हणाली. "बरं झालं तुम्ही सांगितलंत, मॅडम. कोणीच हसलं नाही."

"ड्रेसचं बक्षीस मिळालं?"

"मला कोणी बघितलंच नाही." तिने ते तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही.

मग गोष्टीची वही कुठे आहे, असं सुचेताने विचारलं. टोपीला पुठ्ठा कमी पडला, म्हणून तिचीच पानं एकावर एक चिकटवून टोपी केली, वरून काळा रंग दिला, हेमांगीने सांगितलं. आता ती किल्ल्यातल्या राजकुमारीची गोष्ट लिहिणार होती.

घरी आल्यावर सुचेताने कोरे ताव काढले. गोष्ट तिला पहिल्या शब्दापासून पाठ होती. ती लिहीत गेली आणि लिहिताना तिला कळत होतं, आपल्या हातून एवढं चांगलं कधीच उतरलं नव्हतं. शेवटी नावाच्या जागेवर पेन बराच वेळ थांबलं. कोणाला कळणार होतं? मग तिने सुवाच्य अक्षरात लिहिलं, हेमांगी, इयत्ता सहावी, नवघर.

दुसऱ्या दिवशी लायब्ररीत ताव हातात दिल्यावर हेमांगी उभ्याउभ्याच वाचायला लागली. सुचेताने तिला सांगितलं, हसतील असं मी म्हणाले, ते खोटं होतं. चेटकिणीपेक्षा हीच चांगली होती.

"मग तेव्हा असं का म्हणालात?"

"मला अशी सुचली नाही म्हणून."

हेमांगीने तिच्याकडे पाहिलं. रागावली की नाही, कळलं नाही. मग ती पुन्हा कागदात शिरली. "ही ओळ अशी नव्हती, मॅडम," ती म्हणाली. काउंटरवरचं पेन घेऊन तिने सुचेताची एक ओळ खोडली आणि वर आपली लिहिली.

तिची ओळ चांगली होती. सुचेताचा जीव पुन्हा तसाच जळला. पंख्याच्या वाऱ्याने कागद उडत होता, तो तिने बोटांनी दाबून धरला, आणि मुलीचं लिहून होईपर्यंत तसाच धरून ठेवला.