काळ्या दिव्यांचा बाबा

त्या रविवारी पेट्रोल पंपामागच्या पटांगणात पाय ठेवायला जागा नव्हती. चाळीसेक गाड्या, त्यांचे मालक, मालकांच्या बायका, आणि मधोमध नजरबाबा. अंगात पांढराशुभ्र झब्बा, इतका कडक की बाबा वळला तरी झब्बा वळेलच याची खात्री नाही.

"गाडीला डोळे असतात की नाही?" बाबानं विचारलं.

"असतात!"

"मग डोळ्यांना दृष्ट लागते की नाही?"

"लागते!"

झालं! एवढ्यावर माणसं माना डोलवायला लागली. गाडीला डोळे आहेत, तर मग डिकीला काय म्हणायचं, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही.

बाबानं बँकेतल्या साहेबांच्या नव्या कोऱ्या गाडीचा दिवा ओल्या फडक्यानं पुसला. "धूळ नको, आपल्याला आतलं बघायचंय." मग बाटलीतलं पिवळट पाणी त्यावर फवारलं. बघता बघता दिवा काळानिळा पडला. बायकांनी तोंडावर हात ठेवले. साहेब शिकलेसवरलेले, तरी त्यांनी बाबाचे पाय धरले.

"बघा, किती लोक जळतायत तुमच्यावर! आज पुसतो, उद्या परत चढेल. उपाय एकच, काळं कवच!"

कवच म्हणजे काळ्या रंगाचा फवाऱ्याचा डबा. घरी न्यायचा, दिवे पॉलिश पेपरनं घासायचे, भोवती कागद चिकटवायचा आणि मंत्र म्हणत पुढच्यामागच्या सगळ्या दिव्यांवर तीन हात मारायचे.

मी पहिल्याच रांगेत होते. माझी लाँड्री आहे, बाबाचे झब्बे आणि फडकी धुवायला माझ्याकडेच येतात. शेजारी खुर्चीत माझा धाकटा भाऊ बसला होता, पाय स्टुलावर, पायात सळई. त्याला मी मुद्दाम उचलून आणवलं होतं.

भाऊ टॅक्सी चालवायचा. दोन महिन्यांपूर्वी त्यानं आमच्या दारातच दिवे काळे केले. बाबानं तीन हात सांगितले, ह्यानं भक्तिभावानं पाच मारले! मी म्हटलं, "अरे, ब्रेक दाबलास तर मागच्याला कळणार कसं?" तर म्हणाला, "ताई, तू तुझे कपडे बघ." आठव्या दिवशी संध्याकाळी वळणावर त्यानं ब्रेक दाबला आणि मागून ट्रक आदळला. ट्रकवाला रडत सांगत होता, "लाल दिवा दिसलाच नाही हो मला." लोकांनी त्यालाच बडवला. भावानंही पोलिसांना सांगितलं, दिवा चांगला लागला होता, हाच बेफाम होता.

मग नजरबाबा समाचाराला आला. फळं नाहीत, धीराचा शब्द नाही, थेट निकाल! "पाचवा हात तिरका पडला. तुझी श्रद्धाच तिरकी." त्या दिवसापासून माझा भाऊ भिंतीकडे तोंड करून एकच बोलायचा, "माझंच चुकलं, ताई. गाडी दुरुस्त होऊन आली की पुन्हा मारू, ह्या वेळी सरळ मारू." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हटलं, थांब बाबा, तुला चांगला पिळून वाळत घालते.

त्याच आठवड्यात भावाची जखम पुसताना आयोडीनच्या औषधाचा थेंब उडाला तो शेजारी ठेवलेल्या बाबाच्या झब्ब्यावर. नुकतीच खळ दिलेली होती. डाग पडला काळानिळा. मी पुसायला गेले आणि हात थांबला. हा रंग मी आधीच्या एका रविवारी बाबाच्या पटांगणात दिव्यावर पाहिला होता! सातवीत बाईंनी बटाट्याच्या फोडीवर हेच करून दाखवलं होतं. स्टार्चवर आयोडीन पडलं की काळंनिळं. खळ म्हणजे तरी काय, स्टार्चच! आणि बाबाची ती पुसायची फडकी धुताना पाणी चिकट का व्हायचं, तेही कळलं. मी ताटलीला खळ पुसून तीनदा करून पाहिलं. तिन्ही वेळा काळं. भावाला दाखवलं तर म्हणतो, "बाबांचं वेगळं असेल."

म्हणून त्याला खुर्चीत घालून आणला होता.

"बाबा, आमचाही दिवा तपासा," मी भावाच्या टॅक्सीसाठी आणलेला नवा दिवा खोक्यातून काढला. "पण पुसेन मी, माझ्या फडक्यानं."

"बाई, त्याला मंतरलेलं फडकंच लागतं..."

"का हो? दृष्ट दिव्यात आहे की फडक्यात?"

लोक हसले. बाबाला फवारावंच लागलं. पिवळं पाणी ओघळून गेलं. दिवा लख्ख!

"ह्याला दृष्टच नाही," बाबा म्हणाला.

"वा! मग आता तुमच्या फडक्यानं." मी ते हिसकावलं, तोच दिवा पुसला, फवारलं. काळाकुट्ट! "अर्ध्या मिनिटात कोण जळलं हो आमच्यावर?" आणि बाटली तशीच बाबाकडे वळवून छातीपासून गुडघ्यापर्यंत फवारत सुटले. पांढराशुभ्र झब्बा शाईत बुडवल्यासारखा झाला. "अगं बाई! बाबांना तर पार गिळलंय हो दृष्टीनं!"

खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला फार फार बरं वाटलं.

मग मी सगळ्यांना सांगितलं. फडक्यात खळ, बाटलीत आयोडीन. ह्यात ना दृष्ट, ना मंत्र. कवच म्हणजे नुसता काळा रंग.

बाबा हात जोडून पुटपुटला, "ताई, पोटावर पाय देऊ नका."

"पायाचं नाव माझ्यासमोर काढायचं नाही!"

तेवढ्यात भावाचा आवाज आला. मागच्या रविवारी कवच चढवलेली एक गाडी वीस पावलांवर पाठमोरी उभी होती. तिच्या मालकाला तो म्हणाला, "दादा, जरा ब्रेक दाबा."

आम्ही बघत राहिलो. भाऊ ओरडला, "अहो, दाबा ना!"

आतून उत्तर आलं, "कधीचा दाबलाय!"

भावानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "ताई, तो ट्रकवाला खरं बोलत होता गं."

कुणीतरी फोन करून बोलावलेले पोलीस येईपर्यंत लोकांनी बाबाला त्याच झब्ब्यात बसवून त्या गाडीचे दिवे घासायला लावले. हात भरून आले म्हणाला. मी म्हटलं, अजून एक हात मारा, श्रद्धेनं! दुसऱ्या दिवशी भावानं चौकीत जाऊन आपला जबाब बदलला आणि ट्रकवाल्याची माफी मागितली.

वाचणाऱ्यांनो, कुणी चमत्कार दाखवला तर फडकं तुमचं वापरा. आणि गाडीचे दिवे काळे केले असतील तर आज उजेडातच कुणाला तरी ब्रेक दाबायला सांगा आणि वीस पावलं मागे जाऊन उभे राहा. तुम्हाला जे दिसेल तेच मागच्या ट्रकवाल्याला दिसणार आहे. बाबाला माफ कर, असं मला बरेच जण सांगतात. मी केलेलं नाही, करणारही नाही.