एका मुहूर्ताच्या दोन सुपाऱ्या

मी रहिमतपूरच्या एका बँडचा जुना ढोल आहे मित्रांनो, आणि माझा राग अजून गेलेला नाही.

माझा जन्म विलायतेतला. तिथून मी एका पलटणीत आलो. पलटणीनं जुनं सामान लिलावात काढलं, तेव्हा तिच्याच बँडमधून निवृत्त झालेल्या सयाजीनं मला घरी आणलं. त्याचा दोस्त जोतीराम क्लॅरोनेट वाजवायचा. दोघांनी एकाहत्तर साली बँड उभा केला. बाकीचे बँड सिनेमाची गाणी वाजवत. हे दोघे मात्र विलायती कवायतीच्या चालीत देवीच्या गोंधळाची चाल मिसळत. आधी लोक हसले. मग मेढ्यापासून कुंडलपर्यंत आमची सवड बघून लग्नाच्या तारखा धरू लागले. आमचा ढोलवाला गुंडा मला गळ्यात अडकवून असा बडवायचा की म्हातारीकोतारीही पाय हलवायची.

मग ती लग्नसराई आली. सयाजीनं पलटणीतल्या मित्रासाठी मेढ्याच्या लग्नाची सुपारी घेतली. जोतीरामनं सासुरवाडीच्या शब्दाखातर कुंडलची घेतली. मुहूर्त एकच! एकमेकांना विचारायला यांच्या तोंडाला काय झालं होतं? आणि आमच्या धंद्यात घेतलेली सुपारी परत करणं म्हणजे नाक कापून घेणं.

"माझी सुपारी आदी हाय," सयाजी म्हणाला.

"अन् माझी सासुरवाडी काय उकिरड्यावर हाय व्हय रं?" जोतीराम उसळला.

गुंडा कळवळून म्हणाला, "आवं, माणसं वाटून घ्याल, पर ढोल एकच हाय की!"

तेव्हा दोघांनी मला दोन बाजूंनी धरून ओढलं. चामडं टर्रकन फाटलं. दोघं अर्धा अर्धा बँड घेऊन, ढोलाशिवाय गेले. दोन्ही गावांत हसं झालं. त्या दिवसापासून त्यांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नाही, आणि बँड संपला.

मी सयाजीच्या घरामागच्या परड्यात पडलो. माझ्या पोटात त्याच्या बायकोची, शालूबाईची, कोंबडी अंड्यांवर बसते. कोंबडीवर माझा राग नाही.

राग आहे तो गेल्या वर्षीचा. सयाजीच्या मुलीचं लग्न निघालं. शालूबाई रडकुंडीला येऊन म्हणाली, "आवं, जोतीराम भावजींस्नी एकडाव बोलवा. पोरीला तुमचीच चाल पायजे."

"त्यो आला तर मी मांडवात न्हाई," सयाजी म्हणाला.

पलीकडच्या गल्लीत जोतीराम क्लॅरोनेट पुसून, नवा फेटा बांधून दिवसभर दारात बसला होता. निरोप गेलाच नाही. साऱ्या मुलखाच्या लेकी यांनी वाजवत सासरी धाडल्या, आणि घरची पोर परक्या बँडमागं मान खाली घालून गेली.

मित्रांनो, मला नवं चामडं घालून ओसरीवर शोभेला मांडायचा कुणाचा विचार असेल, तर तो सोडून द्या. आधी त्या दोघा हटवाद्यांना एका घोंगडीवर आणून बसवा. तोवर मला हात लावू नका.