तांब्याचा रेडिएटर

जाळीच्या दाराची कडी खळकन वाजली आणि आरोहीची पापणी हलली.

दुपारचे सव्वादोन. पस्तीस मिनिटं थोपटल्यावर ती आत्ता कुठे झोपली होती. मी श्वाससुद्धा जपून घेत होते. आमच्याकडे कडी वाजवून थांबणारी माणसं वेगळी आणि कडी काढून सरळ आत येणारी वेगळी. हे दुसऱ्या जातीचं माणूस होतं.

"संत्या! झालं रे तुझं काम!"

भारतदादा, माझे थोरले दीर. शनिवार होता, म्हणजे अंबडच्या कारखान्यांना सुट्टी, म्हणजे दोघेही भाऊ मोकळे. मी आरोहीच्या पाठीवरचा हात काढला नाही. ती कुशीवर वळली, अंगठा तोंडात गेला, पुन्हा झोपली. एवढीशी पाठ, घामानं नुसती चिकट. ओढणीच्या टोकानं ती टिपली आणि बाहेर आले.

वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी दादांनी टेबलावर ठेवलं होतं. माझ्या टेबलावर. तिथे माझे चार महिने मांडून ठेवलेले होते. प्रोसेसरवर बसणारा तांब्याचा ब्लॉक. पारदर्शक टाकी जोडलेला मुठीएवढा पंप. मऊ नळीचं वेटोळं. नळी जोडायची पाव इंची आट्यांची फिटिंग्ज हरवू नयेत म्हणून जुन्या मिसळणाच्या डब्यात, सरळ एका वाटीत, काटकोनी दुसऱ्या वाटीत. फक्त रेडिएटर यायचा बाकी होता. तो आज येणार होता.

मी घरून काम करते. बिल्डर लोकांच्या अजून न बांधलेल्या इमारती कंप्युटरवर उभ्या करायच्या, खिडक्यांतून ऊन सोडायचं, बाल्कनीत कुंड्या ठेवायच्या. शेवटचं चित्र बाहेर पडायला मशीन दीड तास जिवाच्या आकांतानं पळतं. सिडकोत, वरच्या मजल्यावर, एप्रिलच्या दुपारी. प्रोसेसर पंच्याण्णव डिग्रीला जातो, पंखे पिठाच्या गिरणीसारखे सुटतात आणि आरोही उठते. ती उठली की माझा दिवस संपला. माझ्या वाट्याला तेवढेच दोन तास येतात, ती झोपते ते. पाण्यावर थंड होणारं मशीन मला हवं होतं ते एवढ्यासाठी. मोठा रेडिएटर, सावकाश फिरणारे तीन पंखे, आवाज नाही. मुलगी झोपलेली, चित्र होतंय. बस.

घरात सगळ्यांनी त्याला 'भाग्यश्रीची हौस' असं नाव दिलं होतं. "कंप्युटरात पाणी? आधी मीटर बंद करून ठेवा," असं दादाच म्हणाले होते गुढीपाडव्याला, आणि सगळे पोट धरून हसले होते.

हसू दे म्हटलं. मी शिंप्याच्या टेपनं कॅबिनेट मोजलं. वरच्या बाजूला पंचावन्न मिलिमीटर जागा. सत्तावीसचा रेडिएटर आणि पंचवीसचे पंखे, म्हणजे तीन शिल्लक. टाकी पंपाच्या वर हवी, कारण पंप कोरडा फिरला की संपला. हे मला कुठल्या व्हिडिओनं नाही शिकवलं. माहेरी, सायखेड्याला, नदीवरची मोटर सुरू करण्याआधी पाइपात बादलीनं पाणी ओतायला माझे वडील, आप्पा, मलाच उभं करायचे. सगळं ठरल्यावर यादी केली. पहिली ओळ: रेडिएटर, तांब्याचा. अल्युमिनियम नको. खाली दोन रेघा. ती यादी मी नवऱ्याला, संतोषला पाठवली, कारण ऑर्डर त्याच्या मोबाइलवरून जातात.

"उघड की," दादा म्हणाले. चेहरा असा की वाढदिवस माझा आणि केक त्यांनी आणलाय.

मी कागद सोडला.

रेडिएटरच होता. चकचकीत. कापसासारखा हलका. माझ्या मापाचा, मिलिमीटरचाही फरक नाही. दादांच्या वर्कशॉपमध्ये कॉम्प्रेसरचे ऑइल कूलर बनतात. त्यातलीच जाळी कापून त्यांनी दोन्ही टोकांना टाक्या जोडल्या होत्या. वेल्डिंगची रेघ करंजीच्या मुरडीसारखी, कुठे उसवलेली नाही, कुठे फुगलेली नाही. खोटं कशाला बोलू, सुंदर होता.

आणि अल्युमिनियमचा होता.

"तीन रात्री बसलोय यासाठी," दादा म्हणाले. "कामावरची पोरं गेल्यावर. स्वतः."

"लय मन लावून केलंय गं त्यानं," आतून सासूबाई आल्या. त्यांना मी आत्या म्हणते. "बाहेरनं कशाला मागवायचं? घरात वर्कशॉप हाय आपलं."

मी संतोषकडे बघितलं. तो मोबाइलशी खेळत होता.

"आज आपली डिलिव्हरी होती ना?"

"अगं, ती... कॅन्सल केली परवा. दादा म्हणाला मी बनवतो. तुला सरप्राइज द्यायचं होतं."

माझे कान गरम झाले. राग येतो तेव्हा मला आधी कानातच कळतं. चार महिने मी भाजी चिरताना, आरोहीला भरवताना, बसस्टॉपवर उभी राहून एकेक तुकडा निवडला होता, आणि त्यातला सगळ्यात महत्त्वाचा तुकडा ह्या दोघांनी मला न विचारता बदलून टाकला होता. वर त्याचं नाव सरप्राइज.

"दादा, हा मी नाही लावू शकत," मी म्हणाले. अजून तरी हळू.

"का? माप चुकलं?"

"माप बरोबर आहे. धातू चुकला. ब्लॉक तांब्याचा आहे. तांबं आणि अल्युमिनियम एकाच पाण्यात आलं की अल्युमिनियम झिजतं. त्याचा गाळ होतो. ब्लॉकच्या आत केसाएवढ्या फटी आहेत, त्या बुजतात. आणि एक दिवस रेडिएटरला भोक पडून पाणी माझ्या मदरबोर्डवर."

दादा हसले. वाईट नाही, कौतुकानं हसले. त्यानं जास्तच भडका उडाला.

"वीस वर्षं झाली मी अल्युमिनियम जोडतोय. गाड्यांचे रेडिएटर कशाचे असतात सांग बरं?"

"अल्युमिनियमचे. पण हल्लीच्या गाडीत त्या पाण्यात तांबं नसतं."

"मग कूलंट टाकू. ड्रम भरलाय वर्कशॉपला."

"त्यानं उशिरा होईल. टळणार नाही. आमच्या आप्पांनी स्प्रिंकलरच्या अल्युमिनियमच्या पाइपाला पितळी नोझल बसवलं होतं. दोन हंगामांत जोडावर पांढरी भुकटी आणि मग कारंजं. डोळ्यांनी बघितलंय मी."

"ते शेतातलं झालं गं," संतोष म्हणाला. "दादाला कळत नाही का एवढं? लावून तर बघू."

"कशावर लावून बघू? माझ्या मशीनवर?"

"हळू बोल. आरोही उठेल."

तेवढं एक वाक्य त्यानं बोलायला नको होतं.

"आता आठवली आरोही? अं? दार धाडकन उघडलं तेव्हा नाही आठवली? तिच्यासाठीच चाललंय हे सगळं, तिची झोप मोडू नये म्हणून, आणि तू मलाच सांगतोस हळू बोल? ऑर्डर कॅन्सल करताना तू मला एका शब्दानं विचारलंस का रे?"

दादांसमोर मी त्याला कायम अहो-जाहो करते. सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. संतोष लाल झाला. होऊ दे.

"ए, भांडू नका रे माझ्यापायी," दादा म्हणाले. "सहा महिने चालव. खराब झाला तर दुसरा करून देतो. फुकटात."

"रेडिएटर कराल. मदरबोर्ड कुठून कराल? आणि त्यातलं माझं काम?" मी रेडिएटर उचलून त्यांच्या पुढ्यात धरला. "दादा, एक खरं सांगा. उद्या तुमच्याकडे कोणी आलं, म्हणालं माझ्या सर्किटमध्ये तांब्याचा पार्ट आहे, मला कूलर द्या. हा द्याल?"

 दादांचा हात आपसूक मिशीवर गेला. कारागीर माणूस आहे, कामाबद्दल खोटं बोलता येत नाही त्यांना. हे मला माहीत होतं, म्हणूनच विचारलं.

"नाय देणार," ते शेवटी म्हणाले. "आधी ड्रॉइंग मागणार. त्यात मटेरियल लिहिलेलं असतं. त्याच्या बाहेर जाता येत नाही."

"माझं ड्रॉइंग तुमच्याकडे होतं. यादी यांनी पाठवली नव्हती?"

"पाठवली होती."

"पहिली ओळ वाचली होती?"

"वाचली होती गं."

"मग?"

"मग काय मग! तू काय कस्टमर आहेस का?" आता त्यांचाही आवाज चढला. "घरची आहेस. आपल्या माणसासाठी माणूस मनानं करतो. तिथे कोण ड्रॉइंग घेऊन बसतं?"

 दादांना वाटलं, त्यांनी मला केवढा मान दिला. मला मात्र दिसलं ते एवढंच की अनोळखी माणसाच्या कागदावरचा शब्द त्यांना मोडवत नाही, आणि माझ्या कागदावरच्या शब्दाखाली दोन रेघा असून तो नुसता वाचायचा असतो.

"घरची आहे म्हणून खराब चालेल?" मी विचारलं. "कस्टमरला जे द्यायला लाज वाटते, ते मला?"

 दादांनी रेडिएटर माझ्या हातातून घेतला, पुन्हा वर्तमानपत्रात गुंडाळला. सावकाश, कडा दुमडून. त्यांच्या बोटांवर वेल्डिंगचे ताजे डाग होते. ते मला दिसले. दिसले तरी माझा राग उतरला नाही. आजही सांगते, उतरला नाही.

"वर्कशॉपला ठेवतो," एवढंच म्हणाले आणि निघाले. संतोष त्यांच्यामागे चपला घालून खाली गेला. जाताना माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"चहा तरी पिऊ द्यायचा होतास," आत्या म्हणाल्या. "एवढं टोचून बोलतं का कोणी? तुझ्याच भल्यासाठी केलं ना त्यानं."

"माझं भलं कशात आहे ते मी लिहून दिलं होतं, आत्या."

त्या पुटपुटत आत गेल्या. संतोषचा मोबाइल टेबलावरच राहिला होता. मी तोच रेडिएटर शोधला. माल संपला होता. नवा येणार बावीस मेनंतर. म्हणजे आणखी महिनाभर तीच गिरणी, आणि पाथर्डी फाट्याच्या इमारतीची सहा चित्रं मला पंधरा मेला द्यायची होती. तरी ऑर्डर केली. पहिल्या ओळीत होता तोच. अंगठा स्क्रीनवर इतक्या जोरात दाबला की नख पांढरं झालं.

मागे पावलं वाजली. आरोही दारात उभी होती. एका गालावर उशीची घडी उमटलेली, फ्रॉकचं बटण सुटलेलं. कधीपासून उभी होती कोण जाणे. मी खुर्चीत बसले आणि हात पसरले. ती आली, मांडीवर चढली, डोकं माझ्या हनुवटीखाली अगदी नेमकं बसवलं. तिच्या केसांना झोपेचा वास येत होता. माझी छाती अजून धडधडत होती, आणि तिचा कान नेमका तिथेच.

"काकांवर ओरडलीस तू," ती म्हणाली.

"हो. ओरडले."

"बाबांवर पण."

"हो."

तिनं डब्यातलं एक फिटिंग उचललं, बोटात अंगठीसारखं घालून बघितलं. मी ते काढून घेतलं नाही.

"काका म्हणाले तू कस्टमर नाहीयेस, घरची आहेस."

"म्हणाले."

 फिटिंग बोटावर गोल गोल फिरवत राहिली. मग मान वर करून माझ्या तोंडाकडे बघत तिनं विचारलं, "आई, मग मोठी झाल्यावर मी कोण होणार? कस्टमर का घरची?"