झोपलेल्या बाईवरून वाद

आमच्या सासूबाईंची नजर गेली, पण सिनेमाचं वेड काही गेलं नाही. दर रविवारी मी त्यांना फिल्म क्लबच्या दुपारच्या खेळाला नेते. शेवटच्या रांगेत कोपऱ्यात बसायचं, त्यांनी कान माझ्याकडे करायचा आणि पडद्यावरचं सगळं मी त्यांना हळू आवाजात सांगत जायचं. खिडकी उघडली, तो उठला, तिनं पत्र फाडलं. लोकांना वाटतं, मी सासूची केवढी सेवा करते. सेवा कसली डोंबलाची. आठवड्यातून तेवढाच वेळ मी घराबाहेर असते आणि कोणीतरी माझं बोलणं मन लावून ऐकतं.

त्या रविवारचा सिनेमा एका बाईनं काढलेला होता. गोष्टही बाईचीच, पन्नाशीची, लाँड्रीत इस्त्री करणारी. नवरा कधीचाच सोडून गेलेला. अर्धा सिनेमा ती इस्त्रीच करत असते, त्यामुळे मला सांगायला सोपं होतं. शर्ट, चादर, पुन्हा शर्ट. मग एका दुपारी ती घरी येते, दार लावते, पलंगावर आडवी होते आणि स्वतःच स्वतःला सुख देते. संगीत नाही, संवाद नाही, घाई तर मुळीच नाही. कॅमेरा जागचा हलायला तयार नाही.

ज्या सासूसमोर मी नवऱ्याशेजारी सोफ्यावर बसतानाही अंतर ठेवून बसते, तिच्या कानात हे कुठल्या तोंडानं सांगायचं?

"झोपलीय," मी म्हटलं.

इकडे खुर्च्या धडाधड मिटायला लागल्या. कोणी खिदळलं, कोणी त्याला गप्प केलं. पुढच्या रांगेतले निवृत्त मुख्याध्यापक बायकोला उठवून बाहेर निघाले. बायको मागे वळून पडद्याकडे बघत बघत गेली.

"लोक का उठतायत गं?" सासूबाईंनी विचारलं.

"कंटाळले असतील."

"आणि ती?"

"झोपलीय अजून."

खेळ संपला आणि बाहेर चहाच्या टेबलापाशी जुंपली. मुख्याध्यापक हॉलमधून निघून गेले होते, पण घरी गेले नव्हते. "झाकली मूठ सव्वा लाखाची," ते म्हणाले. "हे असलं चव्हाट्यावर मांडायची गरज काय?" औषधाच्या दुकानवाल्या बाईंनी कप खाली ठेवला. "गेल्या रविवारी पडद्यावर माणसं कापत होते, तेव्हा तुम्ही बिस्किटं खात बसला होतात," त्या म्हणाल्या. एका तरुण मुलीला सिनेमा धाडसी वाटला. तिच्या मित्राला धाडस पटलं, लांबी पटली नाही. क्लबचे चिटणीस दोन्हीकडे मान डोलवत होते, कारण त्यांना पुढच्या रविवारी सगळेच हवे होते. मुख्याध्यापकांच्या बायकोचं बिस्कीट चहात विरघळून गेलं, तिचं लक्षच नव्हतं. तिला कोणी काही विचारलं नाही.

सासूबाईंनी सावकाश चहा संपवला. मग मला म्हणाल्या, "एक बाई झोपली म्हणून एवढी शहाणी माणसं भांडतायत?"

मी त्यांच्या हातातला रिकामा कप घेऊन टेबलावर ठेवला.

"डोळे गेलेत, कान शाबूत आहेत माझे. झोपलेल्या माणसाचा श्वास मला कळतो." त्यांचा आवाज चढला नव्हता, तेच वाईट होतं. "मी तुझ्यावर डोळे झाकून विश्वास ठेवते, आणि तू निवडून निवडून सांगतेस. पुढच्या रविवारपासून मी औषधवाल्या बाईंना विचारेन. त्या तरी स्पष्ट बोलतात."

रविवार गेला तर माझ्याकडे उरतं काय? घरच्यांची इस्त्री.

"आई, संध्याकाळी परत खेळ आहे," मी म्हटलं. "आपण थांबू या. या वेळी काही गाळणार नाही. जे विचाराल ते सांगेन, खरं खरं."

"बघ हं."

"कबूल."

संध्याकाळी हॉल निम्मा रिकामा होता. मुख्याध्यापकांची बायको एकटीच परत आली होती आणि आमच्या रांगेच्या दुसऱ्या टोकाला बसली होती. आम्ही एकमेकींना ओळख दाखवली नाही.

तो प्रसंग आला. मी घसा खाकरला आणि सुरुवात केली. हात कुठे आहे, गुडघे कसे दुमडलेत, चादर मुठीत कशी धरलीय. पहिली दोन वाक्यं निघता निघेनात. मग शर्ट-चादरीसारखंच तेही सांगता यायला लागलं. पुढचे दोघं उठून गेले, सिनेमामुळे की माझ्यामुळे, देव जाणे.

सासूबाईंनी माझं मनगट धरलं. "चेहरा कसा आहे तिचा?"

"मोकळा," मी म्हटलं. "सगळं काम आटोपलंय आणि आता कोणी हाक मारणार नाहीये, तसा."

त्यांनी कान पडद्याकडे केला. मग तोंड माझ्याकडे वळवून अगदी हळू म्हणाल्या, "तुझा झालाय कधी तसा?"

त्यांच्याच लेकाबरोबर माझा इतक्या वर्षांचा संसार. याचं उत्तर मी कधी स्वतःलासुद्धा दिलं नव्हतं. मला रडू आलं, आणि रागही आला, नेमका कोणाचा ते कळेना. पण शब्द देऊन बसले होते.

"नाही, आई."

त्यांनी मनगट सोडलं नाही. पडद्यावर नळ सोडल्याचा आवाज आला.

"माझाही नाही," त्या म्हणाल्या. "आता ती काय करतेय, ते सांग."