आधी समोरच्याची बाजू

आमच्या कन्येला घरात सगळे मौनीबाबा म्हणायचे. पाहुणे आले की ही दाराआड. शेवटी शाळेतल्या बाई म्हणाल्या, "शाळा सुटल्यावर वाचनालयात वादविवादाचा वर्ग असतो, पाठवून तर बघा." पाठवली. काही महिन्यांत तिला अशी वाचा फुटली की भाजीत मीठ कमी आहे हेसुद्धा ती मुद्देसूद सांगू लागली. मला भारी कौतुक वाटायचं. कधीकधी तिचं तोंड शिवून टाकावंसंही वाटायचं.

तिच्या बाबांना मात्र तो वर्ग खुपत होता. हे बेकरीत रात्रपाळीला असतात. एका सुट्टीच्या दिवशी चहाचा कप आपटून म्हणाले, "उद्यापासून वर्ग बंद. नुसतं उलट बोलायला शिकवतात."

मी मध्ये पडणार, तोच ती म्हणाली, "बाबा, मला बोलायचंय. पण आमच्यात नियम आहे. आधी समोरच्याची बाजू मांडायची, त्याच्यापेक्षा चांगली."

"मांड." हे हाताची घडी घालून बसले.

ती उभी राहिली. "मी बाबा आहे. मी पहाटे येतो तेव्हा पोरगी झोपलेली असते. मी उठतो तेव्हा ती शाळेत. शाळा सुटल्यावर मी कामाला निघेपर्यंत ती मला भेटायची, तेवढा वेळही वर्गानं घेतला. तिची आठवण येते असं सांगायला लाज वाटते, म्हणून मी म्हणतो, उलट बोलायला शिकवतात."

हे खिडकीबाहेर बघू लागले. इतकी वर्षं ह्यांच्याशी संसार करतेय, पण माझ्या हे ध्यानीमनी नव्हतं.

"आता तुझी बाजू सांग," मी म्हटलं.

तिचा चेहरा रडवेला झाला. "माझी काही नाही. बाबांचंच बरोबर आहे. मी नाही जात."

घ्या! आपल्याच हातानं आपल्या पायावर धोंडा.

"थांब गं," हे उठले, घसा खाकरला. "नियम म्हणजे नियम. आता मी ही पोरगी आहे. मला चारचौघांत तोंड उघडायची भीती वाटायची. आज मी बापाच्या मनातलं बापालाच सांगितलं. हे मी त्याच्याकडून नाही शिकले. त्याला स्वतःलाच येत नाही." मग म्हणाले, "वर्ग चालू. उद्यापासून शाळेच्या दारात मी उभा असेन. वाचनालयापर्यंत माझ्याबरोबर चालायचं. आणि लांबच्या रस्त्यानं."

"ह्यावर माझं काहीच म्हणणं नाही," ती म्हणाली आणि ह्यांच्या कुशीत शिरून ढसाढसा रडली.